फ्लो कंट्रीत पायी भटकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि माझी लांबलचक उत्तरं

मी मूळचा सातारचा, सध्या मुक्काम अबर्डीन. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला फ्लो कंट्री नावाचा जो दलदलीचा मुलुख आहे तिथं आत्तापर्यंत पाचदा जाऊन आलोय आणि प्रत्येक वेळी फोटो टाकले की व्हॉट्सॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी काही पक्षीतज्ज्ञ नाही की गाईड नाही, हौशी आहे.

फ्लो कंट्री म्हणजे नेमकं काय आणि कुठंय?

स्कॉटलंडचा नकाशा काढा, अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात केथनेस आणि सदरलंड असे दोन भाग दिसतील. त्या दोघांच्या मध्ये साधारण ४,००० चौरस किलोमीटरची दलदल पसरलीये, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षा थोडी मोठीच. 'फ्लो' चा इथं वाहण्याशी काही संबंध नाही बरं का, जुन्या नॉर्स भाषेत पाणथळ जमिनीला जो शब्द होता त्यावरून ते आलंय. याला ब्लँकेट बॉग म्हणतात कारण चढ-उतार, खळगे, माळ सगळ्यावर गोधडी टाकावी तशी ती पसरलेली असते, आणि तिला नदीचं किंवा झऱ्याचं नाही तर फक्त पावसाचं पाणी मिळतं.

जुलै २०२४ मध्ये याला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. गंमत म्हणजे ती बैठक दिल्लीत होती, आसामच्या मोइदामना (अहोम राजघराण्याच्या समाधी-टेकड्यांना) दर्जा मिळाला तीच. आपल्याकडच्या बातम्यांत साहजिकच मोइदाम होते, त्यामुळे हे बहुतेकांच्या नजरेतून सुटलं.

पीट म्हणजे तो शाळेतल्या भूगोलातला कोळसाच ना?

हो, पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट, तोच पाठ केलेला पहिला नंबर. पण इथं तो कोळसा वगैरे वाटत नाही, ओला चॉकलेट केक वाटतो. इथं स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं आणि आजूबाजूचं पाणी आंबट करून टाकतं. खालचा भाग मरतो पण पाण्यात हवा नाही, आम्ल आहे, थंडी आहे, त्यामुळे तो नीट कुजतच नाही, नुसता साठत जातो. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. असं ९,००० वर्षं चाललंय, काही ठिकाणी थर १० मीटरपर्यंत गेलाय.

मी तिथं उभा राहून एकदा ढोबळ हिशोब केला होता. १६७४, म्हणजे महाराजांचा राज्याभिषेक, पायाखाली फूटभर. सातवाहन दोन मीटर खाली. आइसलँडच्या हेक्ला ज्वालामुखीची सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची राख उत्तर स्कॉटलंडच्या पीटमध्ये बारीक थर होऊन अजून बसलेली सापडते, शास्त्रज्ञ त्यावरून वय ठरवतात. वर पाय देताना हे डोक्यात आलं की आपोआप माणूस हलका चालतो.

आणि हा न कुजलेला कचरा म्हणजेच कार्बन. फ्लो कंट्रीत साधारण ४० कोटी टन कार्बन आहे असा अंदाज आहे, ब्रिटनमधल्या सगळ्या जंगलांत मिळून जेवढा आहे त्याच्या दुपटीहून जास्त.

फोटोत तर काहीच दिसत नाही. बघायचं काय तिथं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तक्रार खरी आहे. पहिल्या वेळी मलाही तेच वाटलं होतं. सपाट तपकिरी माळ, वर आभाळ, मध्ये काळी डबकी, लांब एक-दोन डोंगर, संपलं. मी सातारच्या सवयीनं कुठंतरी पोचायला बघत होतो. इथं पोचायला काही नाहीये. ना गड, ना बुरूज, ना टाकं.

मग दुपारी पाऊस थांबला म्हणून डबी उघडून पायवाटेच्या लाकडी फळीवर बसलो आणि सहज खाली बघितलं. काठाशी शेवाळावर लालभडक चमच्यांसारखी पानं, रुपयाच्या नाण्याएवढं सगळं झाड, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दवबिंदू! आपल्या कासवर असतं ना ते ड्रॉसेरा, त्याचाच भाऊ. त्यातल्या एका पानावर एक चिलट अडकलं होतं, पाय हलवत होतं, आणि जितकं हलवेल तितके बाजूचे केस त्याच्याकडे वाकत होते, म्हणजे लगेच नाही दिसत, पण मी चहा संपवून परत बघितलं तेव्हा दोन जास्तीचे केस त्याला चिकटलेले होते. अर्धा तास गेला. कासला आपण रांगेत उभं राहून दोरीच्या पलीकडून बघतो, इथं मी आणि ते चिलट दोघंच.

कारणही तेच आहे बघा, कासचा जांभा काय आणि इथलं पावसावर जगणारं पीट काय, जमिनीत खायला काही नाही म्हणून झाडं किडे खातात. आपली सीतेची आसवं ज्या कुळातली, त्या युट्रिक्युलॅरियाचे नातेवाईक इथल्या काळ्या डबक्यांत पाण्याखाली फुगे लावून बसलेले असतात.

त्यामुळे उत्तर असं की दोन हातांच्या आत बघा. आणि मग एकदम लांब बघा. मधलं अंतर इथं कंटाळवाणंच आहे, खोटं कशाला बोलू.

कधी जावं?

पक्ष्यांसाठी मेचा दुसरा पंधरवडा ते जून. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि चारनंतर परत हजर, मधे काळाकुट्ट अंधार होतच नाही. बॉग कॉटन तेव्हाच फुलतं, आपल्याकडे सावरीचा कापूस उडतो तसे पांढरे गोंडे, पण एकरच्या एकर. ऑगस्टमध्ये हेदर नावाचं झुडूप फुलून जांभळं होतं, देखणं दिसतं, पण बरेचसे पक्षी तोवर समुद्राकडे निघालेले असतात. ऑक्टोबरला शेवाळ लाल-सोनेरी होतं आणि लाल हरणांचे नर डरकाळ्या फोडतात. हिवाळ्यात कशाला, सहा तास उजेड आणि त्यात पाऊस.

पोचायचं कसं?

रेल्वेनं. प्लीज रेल्वेनं जा. इन्व्हरनेसहून विक-थर्सोकडे जाणारी फार नॉर्थ लाइन आहे, १८७४ पासूनची, दोन डब्यांची डिझेल गाडी, ती हेल्म्सडेलपर्यंत बरीचशी समुद्राकाठानं जाते आणि मग एकदम आत वळून किल्डोनन खोऱ्यातून वर दलदलीत चढते. फोर्सिनार्ड नावाच्या स्टेशनवर उतरायचं. तीन तासांच्या वर लागतात पण खिडकीतूनच हरणं दिसतात. दिवसाला जाऊन-येऊन मोजक्याच गाड्या, रविवारी त्याहून कमी, त्यामुळे परतीची वेळ तळहातावर लिहून ठेवा. गाडी चुकली तर तिथं रिक्षास्टँड नाहीये.

किल्डोनन खोऱ्यातून जाताना दगडी घरांचे पडके पाये दिसले तर नुसतं 'किती शांत आहे ना' म्हणून सोडून देऊ नका. १८१३ ते १८१९ च्या दरम्यान जमीनदारानं इथली गावंच्या गावं उठवली, मेंढ्या पाळायला. काही लोक थेट कॅनडात रेड रिव्हरला गेले. इथली शांतता सगळीच निसर्गानं दिलेली नाहीये.

गाडीनं जायचं तर ए ८९७ रस्ता, एकेरी, मध्येमध्ये समोरच्याला जाऊ द्यायला फुगवटे आहेत तिथं पार्किंग करायचं नाही. भारतातलं लायसन्स ब्रिटनमध्ये १२ महिने चालतं आणि स्टिअरिंग आपल्याच बाजूला, त्यामुळे ती चिंता नको. संध्याकाळी हरणांपासून सांभाळून.

पहिल्यांदा जातोय, चालायला कुठून सुरुवात करू?

फोर्सिनार्ड स्टेशनची जुनी इमारत म्हणजेच आरएसपीबीचं माहिती केंद्र आहे, आरएसपीबी म्हणजे ब्रिटनची पक्षी संरक्षण संस्था. तिनं १९९५ मध्ये इथं अभयारण्य सुरू केलं, आता ते २१,००० हेक्टरच्या पुढं गेलंय. केंद्र हिवाळ्यात बंद असतं. समोरूनच डू लोखन ट्रेल निघतो, दीडएक किलोमीटरचा, फरश्या आणि लाकडी फळ्या टाकलेल्या, शेवटी २०१५ मध्ये बांधलेला लाकडी मनोरा. 'डू लोखन' म्हणजे गेलिकमध्ये छोटं काळं तळं. मनोऱ्यावर चढल्याशिवाय ही तळी कशी विखुरलीत ते कळत नाही, खालून एक-दोन दिसतात, वरून बघितलं की कुणीतरी आरशाचे तुकडे टाकून गेल्यासारखं वाटतं. लोक हे वीस मिनिटांत उरकतात. तुम्ही तीन तास लावा.

मग जमलं तर फोर्सिनेन ट्रेल, सहा-सात किलोमीटर, थोडा उत्तरेला, शेतं, नदीकाठ आणि माळ असा. तिथं बूट ओले होणारच.

पायवाट सोडून जाता येतं का? परवानगी लागते?

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन कायद्यानं जवळपास कुठंही पायी फिरायचा हक्क आहे, फक्त जबाबदारीनं. परवानगी, पावती, फॉरेस्टवाल्यांचा शिक्का, काही नाही. तरी दोन गोष्टी. एप्रिल ते जुलै पक्षी जमिनीवर घरटी करतात, त्या काळात माळावर आडवंतिडवं हुंदडू नका आणि कुत्रा असेल तर साखळीला. आणि ऑगस्टच्या पुढं शरदात हरणांची शिकार चालते, त्या भागात कुठं गोळीबार आहे ते आधी विचारा.

डोंगरच हवा असेल तर बेन ग्रियम मोर ५९० मीटर आणि त्याच्या शेजारी बेन ग्रियम बेग ५८० मीटर, दुसऱ्याच्या माथ्यावर प्राचीन दगडी तटबंदीचे अवशेष आहेत. म्हणजे आपल्या गडप्रेमींची अगदीच निराशा होत नाही. पण पायथ्यापर्यंतची दलदल डोंगरापेक्षा जास्त दमवते.

सह्याद्रीत पन्नासेक ट्रेक झालेत, सपाट जमीन म्हणजे सोपंच असेल ना?

नाही हो. मीही हाच शहाणपणा करून गेलो होतो. ताशी चार किलोमीटर धरलं होतं, निघाले दीड. सह्याद्रीत पाय टाकला की दगड लागतो, इथं पाय टाकला की उत्तर उशिरा येतं. गवताचे गुडघाभर उंचवटे, त्यांच्या मध्ये पाणी, उंचवट्यावर पाय दिला तर तो कलतो, मध्ये दिला तर नडगीपर्यंत आत. आणि खुणा नाहीत. आपल्याकडे धुक्यात वाट चुकली तर निदान उतार कळतो, कडा कळतो, इथं धुकं आलं की चारी बाजूंनी एकच चित्र. नकाशा कागदी, पन्नास हजारी स्केलचा, आणि होकायंत्र वापरता येत असेल तरच वाट सोडा. एकट्यानं पहिल्या वेळी तर नकोच.

डोळ्यांना रंग शिकवावे लागतात. हेदरचं तपकिरी झुडूप म्हणजे त्यातल्या त्यात कोरडं, तिथं पाय द्या. चमकदार पोपटी, अगदी लॉनसारखं गुळगुळीत दिसतं ना, जे बघून आपल्याला वाटतं वा काय मस्त हिरवळ, ते पाण्यावर तरंगणारं शेवाळ असतं. तिथं नाही.

दलदलीत माणूस बुडतो का, पिक्चरमध्ये दाखवतात तसा?

हळूहळू टोपीपर्यंत गिळला जाणं वगैरे नाही. पण कमरेपर्यंत रुतू शकतो, आणि थंडगार पाण्यात एकटा रुतलेला माणूस गारठून संकटात येऊ शकतो, खरी भीती ती.

माझं झालेलं सांगतो. तिसऱ्या खेपेला एका टिटवीसारख्या आवाजामागं दुर्बीण लावून चालत होतो, खाली बघितलंच नाही, डावा पाय मांडीपर्यंत आत. पहिली प्रतिक्रिया जोरात ओढायची, ती चूक, कारण खाली पोकळी तयार होऊन ते आणखी घट्ट धरतं. काठीवर भार दिला तर काठीचा खालचा तुकडाच आत राहिला. मग सॅक काढून पुढं आडवी टाकली, तिच्यावर छातीनं झोपलो आणि पाय मागेपुढे हलवत हलवत, पाणी आत शिरू देत, इंचाइंचानं काढला. दहा मिनिटं लागली असतील. पाय बाहेर आला तेव्हा असा आवाज झाला की लाज वाटली, आसपास पाच किलोमीटर कुणी नसताना सुद्धा. तर पद्धत हीच, वजन पसरा, मागे किंवा पुढे आडवे व्हा, घाई करू नका.

पक्षी कुठले दिसतील?

पहिला मान सोन चिखल्याचा, इथला युरोपियन गोल्डन प्लोव्हर. आपल्या किनाऱ्यावर थंडीत येणारा सोन चिखल्या वेगळ्या जातीचा, पण ओळख पटते. विणीच्या दिवसांत पोट काळं आणि पाठीवर सोन्याची पूड शिंपडल्यासारखी, आणि आवाज एकच लांबट उदास शीळ, दर काही सेकंदांनी, कंटाळलेल्या पोरानं रिकाम्या बाटलीत फुंकर मारावी तसा. त्याच्या मागेमागे बऱ्याचदा डनलिन असतो, छोटा, हुज्या शोभावा असा, इंग्रजीत त्याला प्लोव्हरचा नोकर अशा अर्थाचं जुनं नावच आहे.

ग्रीनशँक, हिरवट पायांचा पाणथळीतला पक्षी, इथं घरटं करतो. भिगवणला हिवाळ्यात तुम्ही ग्रीनशँक बघितला असेलच, तेच पक्षी इथून तिकडे येत नाहीत, आपल्याकडचे आणखी पूर्वेकडून येतात, पण जात तीच, आणि त्याला इथं पिल्लांसाठी आरडाओरडा करताना बघणं म्हणजे आपल्या पाहुण्याचं घर बघितल्यासारखं वाटतं.

तळ्यांवर डायव्हर, म्हणजे बुडी मारून मासे पकडणारा पाणपक्षी. लाल गळ्याचा डायव्हर छोट्या डबक्याच्या अगदी काठाला घरटं करतो कारण त्याचे पाय शरीराच्या इतके मागे आहेत की जमिनीवर धड चालता येत नाही, आणि मासे आणायला समुद्रावर उडत जातो. त्याचं रडणं ऐकून अंगावर काटा येतो, खरंच. काळ्या गळ्याचा जरा मोठ्या तळ्यांवर. शिवाय भोवत्या, हेन हॅरिअर, नर राखाडी-पांढरा, गवताला घासून जातो, आणि हवेतच मादीला भक्ष्य टाकतो, ती उलटी होऊन झेलते. हे मी पाच खेपांत एकदाच बघितलंय. शॉर्ट इअर्ड आऊल दिवसाढवळ्या. सोनेरी गरुड नशीब असेल तर. कॉमन स्कॉटर नावाचं काळं बदक इथल्या काही तळ्यांवर वीण करतं, ब्रिटनमध्ये त्याच्या फार थोड्या जोड्या उरल्यात.

आणि पाणलावा. रात्री अकराला, उजेड असतानाच, आभाळातून बकरी ब्यां करतेय असा आवाज येतो. तो गळ्याचा नसतो, पाणलावा वरून सूर मारतो तेव्हा शेपटीची बाहेरची पिसं हवेत थरथरतात त्याचा.

साप, जनावरं?

साप एकच विषारी, अ‍ॅडर, ऊन पडलं की फळीवर येऊन पडतो, माणूस आला की सटकतो. ब्रिटनमध्ये अ‍ॅडर चावून शेवटचा मृत्यू १९७५ साली झाला, त्यामुळे घोणस-फुरशांच्या राज्यातून आलेल्यांनी उगाच घाबरू नये, चावला तर अर्थात हॉस्पिटल. लाल हरणं भरपूर. पाणमांजर, पाइन मार्टेन नावाचा झाडावर चढणारा छोटा शिकारी प्राणी, हिवाळ्यात पांढरा पडणारा डोंगरी ससा. बेडूक आहेत. वाघ-बिबट्या काही नाही, रात्री निवांत झोपा.

मिज मिज म्हणतात ते काय? इतकं वाईट असतं का?

असतं. आपल्याकडची चिलटं असतात ना, त्यांची चावरी बहीण. दोन मिलिमीटरची पण ढगानं येते. मेअखेर ते सप्टेंबर, ढगाळ, दमट, वारा पडलेला असला, पहाटे आणि संध्याकाळी जास्त. चावतात फक्त माद्या, हे कळून मला काही आराम पडला नाही. वारा सुटला की गायब, म्हणून जेवायला कायम उंच उघड्या जागी बसा. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी घ्या, काही पौंडांत मिळते, तिच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. इथले लोक स्मिज नावाचं लोशन लावतात. मला ओडोमॉसचा अनुभव विचारतात, वास आला, एवढंच.

गोचीड?

हो, आणि हे मिजपेक्षा गांभीर्यानं घ्या. पँट मोज्यांत खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला, रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा. सापडली तर तेल, काडी, चुना असले घरगुती प्रयोग नकोत, बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. काही गोचीड लाइम नावाचा आजार पसरवतात, पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल पसरत जाणारा चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टर, आणि गोचीड चावली होती हे आवर्जून सांगा, पुण्याला परत गेल्यावर तिथल्या डॉक्टरला ते सुचणार नाही.

काय घालायचं, काय न्यायचं?

वरून-खालून वॉटरप्रूफ. पाँचो नको, वाऱ्यात तुमचा पतंग होईल, छत्रीचं तर नावच काढू नका. जूनमध्येही दिवसा १२-१५ अंश आणि वारा, म्हणून स्वेटर, टोपी, हातमोजे. बुटांबद्दल दोन पंथ आहेत, ट्रेकिंग शूज अधिक गेटर (बुटावरून नडगीपर्यंत चढवायचं आवरण), किंवा सरळ गमबूट. मी पहिल्या पंथातून दुसऱ्यात गेलो. मोज्यांचे दोन जास्तीचे जोड, पिशवीत बांधून.

जेवण बरोबरच न्या, फोर्सिनार्डला दुकान नाही, खरेदी हेल्म्सडेल, मेल्विच किंवा थर्सोला. आमचा मेनू पोळीचे रोल, शेंगदाणा चिक्की, थर्मासमध्ये आल्याचा चहा. डबक्यातलं पाणी चहासारखंच दिसतं पण चहा नाही.

मोबाईलला रेंज असते का? काही झालं तर?

नाही धरून चला. निघण्यापूर्वी कुठं चाललोय आणि कधी परतणार हे कुणाला तरी सांगा. रेंज मिळाली तर ९९९ किंवा ११२, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. फोन लागत नाही पण मेसेज जातो असं होतं, त्यासाठी ९९९ ला आधी 'रजिस्टर' असा इंग्रजीत मेसेज करून नाव नोंदवायचं असतं, हे घरी बसून करा, आत्ताच करा.

तंबू लावता येतो? शेकोटी?

तंबू हो, लहान, एक-दोन रात्री, घरांपासून आणि घरट्यांपासून लांब, शौचाला पाण्यापासून निदान ३० मीटर दूर. शेकोटी अजिबात नाही. मे २०१९ मध्ये इथं वणवा लागला तो सहाएक दिवस जळत होता, हजारो हेक्टर गेलं. पीटला आग लागली की ती जमिनीच्या आत धुमसते, वरून पाणी मारून कळत नाही विझली का.

आई-बाबांना किंवा लहान मुलांना नेता येईल?

डू लोखन ट्रेलवर नक्की. माझी आई ६८ वर्षांची, गुडघे बोलतात, तरी मनोऱ्यावर चढली, सलवार-कमीजवर माझा रेनकोट. वर जाऊन चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "एवढं पाणी, एवढी जमीन, आणि सगळी पडीक? भात तरी लावायचा." मी हसलो. मग तिला दवबिंदू दाखवला तर ती फळीवर बसकण मारून बघत राहिली आणि परतीची गाडी चुकता चुकता राहिली.

मुलांना न्या पण फळीवरून पळू देऊ नका, ओल्या फळ्या साबणासारख्या.

मध्येमध्ये तोडलेल्या झाडांचे बुंधे दिसतात, जंगलतोड चाललीये का?

चाललीये, आणि चांगलं चाललंय. आईचंच वाक्य समजा, फक्त सरकारी भाषेत. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून १९८८ पर्यंत इथं ही जमीन रिकामी पडलीये म्हणून कर-सवलती देऊन झाडं लावली गेली, तीही इथली नाहीत, उत्तर अमेरिकेतली सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन. लांब लंडनमध्ये बसलेले श्रीमंत लोक कर वाचवायला झाडांत पैसे घालत होते. नांगर लावून चर खणले, पाणी वाहून गेलं, पीट वाळलं, आणि वाळलं की ते कुजायला लागतं, म्हणजे इतकी हजार वर्षं साठवलेला कार्बन हवेत. शिवाय झाडांच्या आडोशानं कोल्हे-कावळे आले, उघड्यावर घरटं करणारे पक्षी हटले. १९८८ च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती सवलत बंद केली. त्यानंतर काही वर्षांनी झाडं काढणं, चर बुजवणं, पाणी परत अडवणं सुरू झालं, ते अजून चाललंय. तोडलेला भाग पहिली काही वर्षं भयाण दिसतो, मग चरांतून हळूहळू शेवाळ परत येतं.

आपल्याकडे सोलापूर-नगरच्या गवताळ माळांना कागदोपत्री पडीक म्हणतात आणि तिथं झाडं लावायचे कार्यक्रम होतात, लांडगे आणि माळढोक त्याच माळावरचे. मला ते फोटो बघितले की फोर्सिनार्ड आठवतं. झाड लावणं नेहमीच पुण्य असतं असं नाही हे मला इथं येऊन कळलं, सातारला कुणी ऐकून घेत नाही.

ड्रोन? घरट्याचे फोटो?

नको आणि नको. डायव्हर, ग्रीनशँक, हेन हॅरिअर, गरुड यांना घरट्यापाशी त्रास देणं इथं १९८१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पक्षी तुमच्याभोवती घिरट्या घालून ओरडत असेल तर तो स्वागत करत नाहीये, तुम्ही पिल्लांजवळ आहात, आल्या वाटेनं मागं फिरा.

गच्चीवरच्या बागेसाठी पीट मॉस घेतो, ते हेच का?

अशाच जागांतून खणून काढलेलं. वर्षाला एक मिलिमीटर आठवा आणि मग ती गोणी बघा. आपल्याकडे कोकोपीट ढिगानं मिळतंय, नारळाचा भुसा, नावात पीट असलं तरी त्याचा याच्याशी संबंध नाही, ते वापरा की.

बुटांतून काळं पाणी येत राहतं, ते जातं का?

बूट आतून वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, हीटरवर ठेवलेत तर चामडं तडकतं. दोन-तीन धुण्यांत बूट आणि पँट स्वच्छ होते. मोजे होत नाहीत. माझा एक पांढरा जोड तिसऱ्या खेपेपासून चहाच्या रंगाचा आहे, आईनं रिन लावून बघितलं, उन्हात टाकून बघितलं, शेवटी आता तो फक्त फोर्सिनार्डसाठी वेगळा ठेवलाय.